खिडकीतला उलटा झेंडा

एल्वूड मॉयर यांना आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत यायला मनाई झाली, ती मी काढलेल्या एका फोटोमुळे. गावात बहुतेकांना आता हे माहीत आहे. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा हेच वाक्य आधी लिहायचं ठरवलं. ते मागे ठेवलं तर मी त्याच्याभोवती सारवासारव करत बसेन, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या गावात पूर्वी मोज्यांची गिरणी होती. एल्वूड सतराव्या वर्षी तिथे शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागले. दोनशे बाया, दोनशे यंत्रं आणि दुरुस्तीला हे एकटे. बाया दिवसभर "वूडी, इकडे ये!", "वूडी, आधी माझं!" म्हणून ओरडायच्या. त्यातलीच एक आर्लीन. तिचं यंत्र इतरांपेक्षा जरा जास्तच बिघडायचं. ती बिघडवायची की हे नीट दुरुस्त करायचे नाहीत, यावर लग्नानंतरही चाळीस वर्षं दोघांचं भांडण होतं.

त्या गिरणीच्या तळघरात, एका जुन्या मोटारीवर धूळ बसू नये म्हणून गुंडाळलेलं एक फडकं त्यांना सापडलं. उलगडलं तर झेंडा. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तारे मोजले, ते बेचाळीस निघाले. विणयंत्रांवरचा मेकॅनिक म्हणाला, "तू शाळेत झोपा काढल्यास. बेचाळीस ताऱ्यांचा झेंडा या देशाचा कधी नव्हताच." एल्वूडनी पुन्हा मोजले. बेचाळीसच. दोघं हट्टाला पेटले आणि शनिवारी वाचनालयात जाऊन बसले. तेव्हा कळलं की दोघंही बरोबर होते. १८८९च्या शेवटी देशात बेचाळीस राज्यं झाली होती. राज्यागणिक एक तारा, आणि नवा झेंडा पुढच्या चार जुलैलाच यायचा, म्हणून शिवणाऱ्यांनी हिवाळाभर बेचाळीस ताऱ्यांचे झेंडे शिवून गठ्ठे लावले. आणि तीन जुलैला आयडाहो त्रेचाळिसावं राज्य झालं. एका दिवसानं सगळी मेहनत चुकली.

"एका दिवसानं!" ही गोष्ट सांगताना एल्वूड अजूनही टेबलावर हात आपटतात. "विचार कर, त्या बायांनी त्या रात्री नवऱ्यांना काय काय ऐकवलं असेल!"

तिथून त्यांना तो नाद लागला. झेंडे गोळा करणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण यांना फक्त चुकलेले झेंडे हवे असायचे. एखादं राज्य येणार म्हणून आधीच शिवलेले, मग ते राज्य आलंच नाही म्हणून फुकट गेलेले. कुणी घाईत एक तारा कमी लावलेले, कुणी हौसेनं एक जास्त लावलेले. बरोबर झेंड्यांचं त्यांना काही नव्हतं. "ते पोस्टावर लावलेत, जाऊन बघा," म्हणायचे. आर्लीन म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे बायकांच्या मागे लागतात, माझा चुकांच्या मागे लागलाय." पण ती गेली तेव्हा तिची शिवणखोली तिनं आधीच रिकामी करून ठेवली होती, झेंड्यांसाठी. पुठ्ठ्याच्या नळकांड्यांवर गुंडाळलेले, जुन्या सुती चादरींत बांधलेले झेंडे आता त्या खोलीत आहेत.

गिरणी बंद पडल्यावर ते शाळेत लागले, इमारतीची देखभाल करायला. अठरा वर्षं त्यांनी तिथले नळ, बॉयलर आणि पोरांनी मोडलेल्या खुर्च्या सांभाळल्या. त्यांचा नाद चौथीच्या बाईंना कळला आणि त्यांनी एकदा झेंडा घेऊन वर्गात बोलावलं. मग दर वर्षी मे महिन्यात मॉयर आजोबांचा दिवस ठरूनच गेला. निवृत्तीनंतरही चालू राहिला. जेवणाच्या हॉलमधली टेबलं जोडायची, त्यावर चादर, चादरीवर झेंडा. मुलांनी हात मागे बांधून भोवती फिरायचं आणि तारे मोजायचे. प्रत्येकाचा आकडा ते फळ्यावर लिहायचे, चुकलेलाही. नाही, चुकलेला आधी. मग विचारायचे, "आता सांगा, ज्या बाईनं हा शिवला तिला काय वाटलं होतं?"

वर्षभर ते त्या एका दिवसाची तयारी करायचे. कोणता झेंडा न्यायचा, हे नाताळपासून चालायचं. ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. मुलगी अॅरिझोनात असते. गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमधला रविवारचा नाश्ता आणि हा मे महिन्यातला दिवस, एवढंच त्यांचं बाहेरचं जग उरलं होतं. ते वर्षातून एकदा शाळेत बोलायला येतात एवढं सोडलं तर हे सगळं मला त्यांच्या समोरच्या घरात सात वर्षं राहूनही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते वेगळंच.

मला माहीत होतं की मॉयर आपल्या अंगणात झेंडा लावत नाहीत. आमच्या रस्त्यावर एवढं एकच घर होतं बिनझेंड्याचं. (उन्हानं कापड जळतं, म्हणून ते कुठलाच झेंडा बाहेर लावत नसत.) मला माहीत होतं की त्यांच्या दारात बाहेरच्या राज्यांच्या नंबरांच्या गाड्या येतात, माणसं लांबट गुंडाळ्या घेऊन आत जातात. आणि त्यांच्या गॅरेजमध्ये कधीकधी जांभळा दिवा लागतो. (त्या दिव्याखाली नवा दोरा चमकतो, जुना चमकत नाही. खोटा झेंडा ओळखायची ती पद्धत.)

माझा मुलगा टोबी त्या वर्षी चौथीत होता. शाळेत मुलांकडून कवायत करून घेतात. कुणी बंदूक घेऊन आत शिरलं तर दिवे बंद करून कपाटाआड कसं बसायचं, त्याची. पहिलीत असताना तो घरी येऊन म्हणाला होता, "मी सगळ्यात शांत बसलो, बाईंनी मला स्टिकर दिला." तेव्हापासून मी रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट दोनदा बघते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून मी ते पुष्कळदा वापरून झाले आहे.

एप्रिलमध्ये एके सकाळी आम्ही बसची वाट बघत आमच्या टपालपेटीपाशी उभे होतो. समोर मॉयर यांच्या गॅरेजच्या खिडकीत झेंडा होता. उलटा. निळा चौकोन खाली, पट्टे वर. आमच्याकडे झेंडा उलटा लावणं ही साधी गोष्ट नाही. एकतर मदतीची हाक, नाहीतर सरकारविरुद्ध उभं राहिल्याची खूण. गेल्या काही वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो लावला, त्यांना खरं काय म्हणायचं होतं हे सगळ्यांना कळत होतं. बस गेल्यावर मी फोटो काढला. घरात येऊन मोठा केला आणि तारे मोजले. एकोणचाळीस. तीनदा मोजले. कॉलेजात मी इतिहास घेतला होता. ताऱ्यांचे आकडे बदलत गेले हे मला माहीत असायला हवं होतं. पण मी पुस्तक उघडलं नाही, फोन उघडला. तासाभरात असल्या खुणा वापरणाऱ्या टोळ्यांची इतकी पानं वाचली की एकोणचाळीस हा आकडाही मला धमकीसारखा दिसायला लागला.

फोटो मी मुख्याध्यापिका मिसेस रीगल यांना पाठवला आणि माझी मैत्रीण ट्रिश हिला. खाली लिहिलं, "बसथांब्यासमोर. हाच माणूस पुढच्या महिन्यात आपल्या मुलांशी बोलणार आहे." जांभळ्या दिव्याचं आणि गाड्यांचंही लिहिलं. ट्रिशनं तो पालकांच्या ग्रुपवर टाकला, माझं नाव न घालता. संध्याकाळपर्यंत मॉयर यांचा दिवस रद्द झाला. तेवढ्यावर थांबलं नाही. चौकशी होईपर्यंत त्यांनी शाळेच्या आवारात येऊ नये, असं पत्र त्यांना गेलं, सोबत तो फोटो.

माझा नवरा डग रात्रपाळीला निघताना म्हणाला, "म्हातारा आहे गं. उलटं-सुलटं कळलं नसेल."

"ज्याला तारे कळतात त्याला उलटं-सुलटं कळत नाही?" मी म्हटलं. माझी मीच खूश झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॉयर स्वतः माझ्या दारात आले. हातात पिवळ्या कागदांची वही.

"मार्ला, तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "मला एक पत्र लिहून देशील? मी लिहिलं तर त्यात शिव्या येतात."

मी गेले. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांनी कॉफी ओतली, काकवीचा केक कापून माझ्यासमोर सरकवला आणि आधी मला गॅरेजमध्ये नेलं.

झेंडा अजून खिडकीत होता. वरची कड कुजून चिंध्या झालेली, तिला चिमटा लावला असता तर फाटली असती. खालचा पट्टा मात्र धड होता. म्हणून त्या पट्ट्याला चिमटे लावून झेंडा खालून टांगला होता.

"आता इथे उभी राहा, माझ्या बाजूला. ऊन समोरून येतंय ना, बघ त्यातून."

मी पाहिलं. कापडातून उजेड झिरपत होता. एकोणचाळीस तारे काळसर दिसत होते, आणि कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं, तिथे सुईच्या भोकांची एक बारीक रांग. एक टोक, दुसरं टोक, आणि तिसऱ्याच्या अर्ध्यावर थांबलेली.

"चाळिसावा," एल्वूड हळूच म्हणाले. "अडतीस होते. डकोटा येणार म्हणून बाईनं एक वाढवला. मग बातमी आली की डकोटा एक नाही, दोन झाले. बसली चाळिसावा लावायला. सहा दिवसांत माँटाना आलं. अजून तीन दिवसांत वॉशिंग्टन. तिनं सुई टाकून दिली असणार! म्हणाली असेल, मरा मेल्यांनो, तुम्हीच शिवा!" ते खोखो हसले, मग खोकले. "या वर्षी पोरांना हाच दाखवणार होतो. पोरांना हे कळतं. मोठ्यांना नाही कळत, पोरांना कळतं."

सांगायचं होतं तर तेव्हा. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "किती बारीक टाके आहेत."

मग आम्ही टेबलाशी बसलो आणि मी पत्र लिहिलं. ते सांगत होते, मी सौम्य करत होते.

"लिही, की ज्या कुणी हा फोटो काढला त्याला डोळे आहेत पण..."

"असं नको. 'काही गैरसमज झाला असावा' असं लिहू या."

"गैरसमज! गैरसमज सर्दीसारखा होतो का, आपला आपण? कुणीतरी करून घेतला ना तो!"

"मुद्दाम नसेल केलं कुणी, मिस्टर मॉयर."

"मुद्दाम नाही तर काय, फोटो आपोआप निघतो?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी कागदाकडे बघत होते. "बरं, लिही. त्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे, की अर्धा तास येऊन बसावं. कॉफी मी देईन."

मी ते लिहिलं. माझ्या अक्षरात. कॉफी प्यायले, केकही खाल्ला. निघताना त्यांनी उरलेला केक टोबीसाठी बांधून दिला, आणि मी तो घेतला.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे वर करून बसलो होतो. एल्वूडना फक्त सभेपुरतं येऊ दिलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते मागे बसले होते, त्याच खोलीत जिथली प्रत्येक खुर्ची त्यांनी कधी ना कधी दुरुस्त केली होती. मिसेस रीगलनी पत्र वाचून दाखवलं.

एक बाप म्हणाला, "पत्र छान आहे, पण हे त्यांनी लिहिलेलं नाही. मॉयरला मी लहानपणापासून ओळखतो, ते असलं बोलत नाहीत. कुणी शिकवलं यांना?"

लोक हसले. एल्वूड म्हणाले, "शेजारधर्म आहे अजून आमच्या रस्त्यावर."

मिसेस रीगल म्हणाल्या, "माझ्यासमोर एक तक्रार आहे. ती ज्यांनी केली त्यांनी इथे उभं राहून सांगितलं की त्यांचं समाधान झालं, तर मला निर्णय बदलायला सोपं जाईल. नावं मी घेणार नाही."

ट्रिशनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी माझी पर्स मांडीवर सरळ केली. मी उठले नाही. का, ते अजूनही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की टोबीच्या वर्गातल्या आया माझ्या दोन्ही बाजूंना होत्या आणि त्यांनी मला काय म्हणावं याची भीती त्या म्हाताऱ्याच्या वर्षभराच्या तयारीपेक्षा मोठी वाटली.

"मग धोरण ठरेपर्यंत पुढच्या वर्षी बघू," मिसेस रीगल म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी," एल्वूड मागून म्हणाले, "मी चौऱ्याऐंशीचा असेन. धोरणाला सांगा, जरा पाय उचल म्हणावं." पण या वेळी कुणी हसलं नाही, आणि बाहेर जाताना ते भिंतीला धरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. आत ये म्हणाले नाहीत. मी पायरीवर उभी राहूनच सांगितलं, "तो फोटो मी काढला होता."

"माहीत आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोटोत खालच्या कोपऱ्यात तुझी टपालपेटी आहे. बर्फ काढणाऱ्या गाडीनं ठोकलेली. एवढा पोचा रस्त्यात दुसऱ्या कुठल्या पेटीला नाही. मी पन्नास वर्षं कापडातली सुईची भोकं मोजतोय, मार्ला. टपालपेटी दिसणार नाही मला?"

"मग तुम्ही पत्र लिहायला माझ्याकडे..."

"तर काय, गावात दुसरं कुणी शिकलेलं नाही? म्हटलं, इथे बसेल, झेंडा बघेल, बोलेल. तू केक खाल्लास." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हटलं, असू दे, सभेत बोलेल. सभेत तू पर्स धरून बसलीस."

"माझं चुकलं. मला माफ करा."

"मला कशाला सांगतेस? मी घातलीय का बंदी? जिथे बोलायचं होतं तिथे जाऊन बोल." आणि दार लागलं, आपटून नाही, नेहमीसारखं.

मी तशीच शाळेत गेले. मिसेस रीगलना सांगितलं, आणि पालकांच्या ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं. फोटो माझा, तर्क माझा, झेंडा उलटा का होता ते असं, तो एकोणचाळीसचा का ते असं, पत्रही मीच लिहिलं आणि तेव्हाही गप्प राहिले. शेवटचं वाक्य लिहिताना बोट अडलं, पण ते नसतं तर बाकीचं सगळं अर्धवट राहिलं असतं. उत्तरं आली. "बाई, तुम्ही गुप्तहेर खात्यात जा." "पुढच्या वेळी आमच्या घराचा फोटो काढताना आधी सांगा, पडदे धुऊन लावू." ट्रिशनं काहीच लिहिलं नाही, आणि अजून ती माझ्याशी तुटकच बोलते. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, तरी.

बंदी उठली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा संपायच्या आत, मॉयर आजोबांचा दिवस ठरला. मिसेस रीगलनी नवा नियम काढला होता की पाहुण्यांबरोबर काही पालक हजर असावेत. त्यांनी मला विचारलं. मला वाटलं, चला, निदान टेबलं जोडेन, चादर धरेन. मी हो म्हणाले. संध्याकाळी एल्वूड रस्ता ओलांडून आले. अंगणात टोबी सायकल पुसत होता, त्याच्या डोक्यावर त्यांनी टपली मारली.

"हा येऊ दे," ते मला म्हणाले. "तू मात्र घरी बस."

"मी फक्त मागे उभी राहीन, मिस्टर मॉयर."

"मागे उभी राहिलीस तरी मला दिसशील. मग मी पोरांशी बोलायचं की तुझ्याकडे बघायचं? माझा एकच दिवस आहे गं. तो मला नीट हवाय."

मी मान हलवली. ते परत गेले. चालताना या वेळी त्यांनी कशाला धरलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरीच होते. साडेतीनला टोबी बसमधून उतरला तो बोलतच. "आई, मला एक्केचाळीस आले! माझा आकडा त्यांनी सगळ्यात आधी लिहिला! आणि एक अर्धा तारा आहे, तो फक्त उजेडात दिसतो. त्यांनी विचारलं, बाईनं तो अर्धाच का सोडला? मी म्हटलं, तिला जेवायला बोलावलं असेल. ते इतके हसले की पाणी प्यावं लागलं." त्यानं दप्तर जमिनीवर टाकलं आणि फ्रीज उघडला. "तू का नाही आलीस? डेव्हिनची आई आली होती. सगळ्या होत्या."

मी त्याला बसवलं आणि सांगितलं. पहिल्यापासून. फोटो कसा काढला, तारे तीनदा मोजले, केक खाल्ला, ज्यातला उरलेला त्यानंही खाल्ला होता, आणि हॉलमध्ये कशी बसून राहिले. कवायतीचं काही बोलले नाही. तो ऐकत होता, दुधाचा डबा हातात तसाच.

"मग तू सॉरी म्हणालीस?"

"म्हणाले."

"मग ते काय म्हणाले?"

"घरी बस म्हणाले."

टोबीनं ग्लासात दूध ओतलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.